दीडपट परत आलेली रागी

के. आर. पुरमला आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली घरमालकीण मथुराक्का आणि त्यांचा मुलगा विराट. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी या भागात आलेलं. घरात मराठी बोलत, अक्का रागावल्या की कन्नड. होसकोटेजवळची त्यांची कोरडवाहू जमीन १९९४ साली कारखान्यांच्या वसाहतीत गेली आणि मायलेक शहरात आले.

येताना मथुराक्कांनी एक मडकं मांडीवर धरून आणलं होतं. त्यात राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेलं रागीचं बी होतं. रागी म्हणजे आपली नाचणी. त्यांच्या वाणाला ‘गिड्ड’ म्हणत, म्हणजे ठेंगणी. महिनाभर पाऊस नसला तरी ती तग धरायची. कापणीआधी अक्का उभ्या पिकात फिरून भरलेली कणसं निवडत आणि चुलीवर धुरात टांगत. आसपासच्या गावांतले लोक बी त्यांच्याकडूनच नेत. ते विकायची रीत नव्हती. शेर न्यायचा आणि सुगीला दीड शेर आणून द्यायचा, एवढंच.

जमीन गेल्यावर बी पेरायचं कुठे? माझ्या बायकोने, सुनंदाने, गच्चीवरच्या कुंड्या सुचवल्या. अक्का हसल्या. कुंडीत मूठभर येईल आणि ती चिमण्या नेतील, म्हणाल्या. शेवटी त्यांनी मडक्यातलं बी धाकटा भाऊ नागनाथ याला द्यायचं ठरवलं. त्याची शेती होसकोटेच्या पलीकडे होती. थोडं घरात राहू दे, असं विराट म्हणत होता. पण शेर-दोन शेर देणं वेगळं; घरचं बी कुणाला सोपवायचं झालं की त्यांच्यात मडकं पुरतं उपडं करतात. मागे ठेवलं तर घेणाऱ्याचं पीक बुडावं असं मनात आणल्यासारखं होतं. अक्कांनी राखेसकट सगळं त्याच्या पोत्यात ओतलं.

संक्रांतीच्या सुमारास नागनाथ पोतं घेऊन आला. मी खालीच वर्तमानपत्र वाचत बसलो होतो.

‘‘मोजून घे अक्का,’’ तो म्हणाला. ‘‘दीडपटीवर स्वल्प जास्तच असेल.’’

अक्कांनी ओंजळ भरून घेतली, उजेडात धरली. दोन दाणे चावून पाहिले.

‘‘ही कुठली?’’

‘‘बोअर मारली ना मी. पाण्यावर नवीन जातीची लावली. तुझी श्रावणात दळून खाल्ली. घरात पीठ नव्हतं.’’

‘‘सगळी?’’

‘‘रागी ती रागी. तुझ्या गिड्डला पाणी पाजलं की ती आडवी होते. माझ्या शेतात तिचे लाड कोण करणार?’’

अक्कांनी ओंजळ पोत्यात परत सोडली. त्यांचा चेहरा पाहून तो जरा वरमला आणि माझ्याकडे वळला. ‘‘साहेब, तुम्ही हिशेबातले. तुम्हीच सांगा, काय कमी दिलं मी?’’

माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. त्याच्या देण्यात खोट नव्हती. मी अक्कांच्या बाजूने काही बोलायला हवं होतं हे कळत होतं, पण मी वर्तमानपत्राची घडी घालत राहिलो. त्याला जेवू घालून, डब्यात एळ्ळु-बेल्ल, म्हणजे संक्रांतीचे तीळ-गूळ, भरून अक्कांनी त्याला बसपर्यंत पोचवलं.

मग अक्का आपलं बी शोधू लागल्या. इतकी वर्षं गावोगाव दिलेलं, कुठेतरी असणारच. सोबतीला मी दर रविवारी जायचो. प्रत्येक ओसरीवर आमचं स्वागत झालं, ताक मिळालं आणि उत्तरही एकच मिळालं. काहींनी रागी सोडून निलगिरी लावली होती. काहींनी नवीन बियाणं घेतलं होतं. गिड्ड जपून कोणीच ठेवली नव्हती, कारण लागली तर ती मथुराक्कांकडे असतेच. एका घरी दारावर जुन्या कणसांचं तोरण दिसलं. अक्कांनी ते मागून आणलं, गच्चीवर डब्यात पेरलं. रोज सकाळी वाकून पाहत. ते उगवलं नाही.

त्या जूनमध्ये पाऊस येऊन गेला आणि मग थांबलाच. एका दुपारी मी खालीच असताना त्यांच्या जुन्या गावातली ठकुबाई पितळी डबा घेऊन आली; आमच्या फेऱ्यांत ती भेटली नव्हती. नवीन पेरणी करपली होती, पुन्हा पेरायची होती.

‘‘नव्या बियाला नखरे फार, अक्का,’’ पाणी पीत ती म्हणाली. ‘‘तुझी गिड्डच बरी. शेरभर दे.’’

अक्कांनी तिला बसवलं, जेवायला वाढलं. घरचे, गुरांचे हालहवाल विचारले. ठकुबाईने पुन्हा डबा पुढे सरकवला तेव्हा म्हणाल्या, ‘‘नाही ग माझ्याकडे.’’

ठकुबाईला ती थट्टा वाटली. ‘‘सरी, बरं, सुगीला दोन शेर आणून देते मग,’’ ती हसत म्हणाली.

अक्कांनी तिला रिकामं मडकं आणून दाखवलं. तळाशी थोडी राख चिकटून राहिली होती. ठकुबाई मडक्यात पाहत राहिली, मग आमच्याकडे पाहू लागली.

आलेल्या बाईचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. अक्कांनी नागनाथच्या रागीचं पीठ त्या डब्यात दाबून भरलं, वरून झाकण लावलं आणि उन्हात तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेल्या.