आजोबांची नाव

नदी कोणत्याही देवाला परका म्हणत नाही. धरमपेठेतून कन्हानला जाताना हे वाक्य मी गाडीत मनाशी जुळवलं, आणि घाटावर पोचेपर्यंत ते मला बरंच आवडायला लागलं होतं. घाटावर नदी नव्हती. ती वाळूपलीकडे सरकली होती.

शेजारच्या वहिनी फिलिपिन्समधल्या पंपांगा भागातल्या. आमच्या शेजाऱ्यांनी जहाजावरच्या नोकरीत असताना त्यांच्याशी लग्न केलं आणि त्यांना नागपुरात आणलं. मराठी त्यांना उमरेडच्या सासूबाईंनी शिकवली, त्यामुळे ती माझ्यापेक्षा अस्सल आहे.

त्यांच्या माहेरी जूनच्या शेवटी गावाच्या संताची मूर्ती सजवलेल्या नावेतून नदीत फिरते. नावांतून काठावर खाऊ उधळतात, काठावरचे नावांवर पाणी उडवतात. संताला सगळं गाव 'आपू' म्हणतं, म्हणजे आजोबा. वहिनींची आई घरातला छोटा लाकडी आपू कडेवर घेऊन दर वर्षी काठावर उभी राहायची. एकदा यालाही नावेत बसवू, असं म्हणायची. ते राहून गेलं. आई गेल्यावर तो आपू कपड्यांत गुंडाळून नागपूरला आला, आणि वहिनींनी ठरवलं की आईचं म्हणणं पुरं करायचं.

नागपुरातही नदी आहे. शहराला नाव तिचंच आहे, आणि शहराचं सांडपाणीही तिच्यातच आहे. पण तिच्यात न्यावं इतकं त्या संताशी आमचं वैर नव्हतं. म्हणून कन्हान.

नाववाला म्हातारा ढीवर होता, म्हणजे पिढीजात मासेमार. मूर्तीच्या हातातल्या स्वर्गाच्या किल्ल्या पाहून त्यानं विचारलं, "कोन देव होय ताई?"

"आपू."

"हाव, बाप्पा," तो समजुतीनं म्हणाला.

एवढ्याशा फरकासाठी कोणी कोणाला दुरुस्त केलं नाही. वहिनींनी आपूला झेंडूचा हार घातला, केळ्यांची टोपली घेतली, आणि आम्ही निघालो. मिरवणूक म्हणजे एक नाव, तीन माणसं आणि एक संत. थाटामाटाची मला चीड आहे, पण इतका कमी थाट मीही पाहिला नव्हता.

डोहापाशी म्हाताऱ्यानं बांबू रोवून नाव थांबवली. बूड उचलून खालचा एक मोठा दगड काढला आणि त्याला सुतळी बांधायला लागला.

"दगड काहून गा?" वहिनींनी विचारलं.

"लाकडाचे हायत. असे बुडत नाई बाप्पा."

वहिनींनी मूर्ती छातीशी इतक्या जोरात ओढली की नाव कलली. "बुडवतं? हे बाप्पा नाई! माहे आजोबा होत!"

"मंग पान्यात कायले आनलं त्यायले?"

"फिरवाले! आजोबाले कोनी बुडवते का गा?"

म्हाताऱ्याचे हात थांबले. त्यानं एकदा मूर्तीकडे, एकदा वहिनींकडे पाहिलं. "करत काय होते आजोबा?"

"संत व्हाच्या आंधी? मासे पकडत."

"असं सांगा ना मंग!" त्यानं दगड डोहात भिरकावला, कपाळाला हात लावून आपूला नमस्कार केला आणि काठाकडे तोंड करून ओरडला, "आपल्यातले हायत वं! ढीवर आजोबा हायत! या सगळ्या!"

जाळी वाळवत बसलेल्या बाया उठल्या. आणखी दोन नावा सुटल्या. परतताना वहिनी उभ्या राहून दोन्ही हातांनी केळी उधळत होत्या, बाया गुडघाभर पाण्यात येऊन ती झेलत होत्या आणि ओंजळींनी आम्हाला भिजवत होत्या. तसं करायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आपूच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. वहिनी आपल्या भाषेत काहीतरी ओरडत होत्या, रडत होत्या आणि हसतही होत्या. मी नखशिखांत भिजलो होतो आणि इतरांबरोबर ओरडत होतो. गाडीतलं वाक्य मला आठवलंही नाही.

काठावर उतरताना सगळ्यांनी एका सुरात आपूला निरोप दिला, "पुढच्या वर्षी लवकर या!"

त्याची तारीख इंग्रजी कॅलेंडरवर चालते. तो एक दिवसही लवकर येऊ शकत नाही.