पहिल्या पोत्यातली मूठ

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. करडीकडच्या एका राईस मिलमध्ये मी मशीन चालवत होतो. सकाळची पाळी माझी, दुपारची मुनीमजींच्या जावयाची. आमचे हेड मिस्त्री होळीनंतर काम सोडणार होते आणि त्यांच्या जागी आम्हा दोघांपैकी एक बसणार होता. मला ती जागा हवी होती. हवी कसली, ती माझीच होती.

शेठजींनी ठरवलं, हंगामभर दोघांचं काम रोज तपासायचं. ज्याचं एकसारखं, तो हेड. तपासणार मुनीमजी. पोत्यातून मूठभर तांदूळ थाळीत पसरायचा, शंभर दाण्यांत कणी किती ते मोजायचं आणि वेळेसकट रजिस्टरात लिहायचं. माझी मूठ ते सकाळी सातला घ्यायचे, पहिल्याच पोत्यातून. मशीन थंड, धान रात्रभर गारठलेलं. कुणीही चालवो, कणी पडणारच. जावयाची मूठ दुपारी चारला, मशीन चांगलं तापल्यावर. शेठजी फक्त कणीचे आकडे बघायचे.

"तुया हाताले भरोसा नाही," मुनीमजी हमालांसमोर म्हणायचे. "एक दिवस बरा, दोन दिवस खराब."

हमाल हसायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. या माणसाला त्याच्याच रजिस्टरात गाडायचं, हे मनाशी पक्कं केलं होतं.

संक्रांतीनंतर मी शेठजींना म्हटलं, "सकाळची थंडी सोसवत नाही जी, एक हप्ता पाळी बदलून द्या." मिळाली. आठव्या दिवशी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, आकडे राहू द्या, नुसत्या वेळा वाचा.

शेठजींनी दोनदा वाचलं. "मुनीमजी, तुम्ही तं रोज सातले मूठ घेता. मंग या हप्त्यात अकराले काहून?"

"गुडघे दुखून राहिले जी."

"जवाई सकाळी आला, त्याच दिवसापासून?"

मुनीमजींचं तोंड पाहण्यासारखं झालं. मी ते डोळे भरून पाहिलं. होळीनंतर हेड मीच झालो आणि तपासणीही माझ्याकडे आली.

तिथंच थांबायला हवं होतं. नाही थांबलो. पुढच्या हंगामात जावयाला कायमची सकाळची पाळी दिली आणि रोज सातला पहिल्या पोत्यात हात घातला. हमालांसमोरच. तो मला कधी वावगं बोलला नव्हता. पौष संपायच्या आत त्यानं काम सोडलं.

जाताना दाराशी थांबून म्हणाला, "दादा, खरं सांगा, मले काम येत होतं न?"

चांगलं येत होतं, माझ्याइतकंच. ते मी त्याला सांगितलं नाही. आजही सांगणार नाही. त्याचा सासरा अजून जिवंत आहे, आणि ते त्याच्या कानावर जायला नको.