मोहाखालची दुपार

होळीच्या आधी बाबांचा फोन आला. ते फोनवर फार बोलत नाहीत. म्हणाले, "तुह्या मायच्या झाडाखाली अजून कोनी झाडलं नाही." मग फोन बंद झाला.

आमचं गाव उमरखेडच्या अलीकडे, जंगलाला लागून. जंगलातल्या मोहाच्या झाडावर कोणाचं नाव नसतं. पण फुलं पडायच्या आधी ज्या घरची बाई झाडाखालचा पाला झाडून जागा साफ करते, त्या हंगामाची फुलं त्या घरची, हे सगळे मानतात. ओढ्याजवळच्या एका मोहाखाली दरवर्षी माझी आई झाडायची. ती मार्गशीर्षात तापानं गेली. यंदा तिथं पाला तसाच पडून होता. गावातल्या एकाही बाईनं त्याला खराटा लावला नव्हता. आमच्या घरून कोणी येतं का, हे त्या बघत होत्या.

मी पुसदला शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परीक्षा जवळ आली होती. होस्टेलच्या मित्रांना सांगितलं, तिकडे शांतता असते, अभ्यास होईल. खरं कारण मला नीट सांगता आलं नसतं. झाड दुसऱ्या घरी गेलं तर आई पुन्हा एकदा जाईल, असं काहीसं वाटत होतं.

बाबा म्हणाले, "तू आपला अभ्यास पाह्य. झाडाचं राहू दे."

"मी झाडतो," मी म्हणालो.

ते जंगलाच्या कडेपर्यंत आले, पाण्याची कॅन माझ्या हातात दिली आणि परत फिरले. झाडापर्यंत आले नाहीत.

मी पाला झाडून काढला आणि तिथंच राहायला पळसाच्या फांद्यांचं छप्पर केलं. एक चटई, एक पातेलं, पिठाची पिशवी, पुस्तकं. मोबाइलला तिथं रेंज नव्हती. उजाडायच्या सुमाराला फुलं पडायला लागायची. पिवळसर, रसाळ, टपटप. वाकून वाकून वेचायची आणि उन्हात पसरायची. हे आमच्याकडे बायांचं काम. पलीकडच्या झाडाखाली आमच्याच गल्लीतली एक काकू असायची, आईची जोडीदारीण. पहिल्या दिवशी तिच्या सुना मला पाहून हसत होत्या.

"काय साहेब, पेपर सोडून फुलं वेचून राह्यले?"

"हसा नोका वं," काकू म्हणाली. "साहेबाची कंबर दुखून राह्यली. उद्या दिसनार नाही तो."

दुसऱ्या दिवशीही मी दिसलो. मग त्यांनी मला साहेब म्हणणं सोडलं नाही, पण चहा द्यायला लागल्या.

ऊन चढलं की फुलं थांबायची. सुना घरी जायच्या, काकू पलीकडे आपल्या झाडाखाली फुलं राखत थांबायची. मग दुपार उरायची, आणि ती फार मोठी असायची. होस्टेलवर कोणीतरी बोलत असतं, काहीतरी वाजत असतं. आई गेल्यावर मी लगेच तिकडे परतलो होतो आणि सगळे म्हणाले होते, चांगला सावरला. मोहाखाली बसलो तेव्हा कळलं, सावरलो नव्हतो, फक्त एकटा बसलो नव्हतो. पुस्तक उघडायचो आणि त्याच पानावर राहायचो. कधी रडायला यायचं, कधी तेही नाही. वाळलेल्या पाल्यावर सरडा पळाला तरी दचकायला व्हायचं.

या दुपारी आई काय करत असेल, हे मला माहीत नव्हतं. मी त्या वेळी शाळेत असायचो. एकदा काकूला विचारलं.

"काई नाही. बसून राहे," ती फुलं चाळवत म्हणाली. "मी म्हनो, बाई, घडीभर निज. थे म्हने, निजू कायले, निजली तं दुपार जाते."

"माझी आठवण काढायची का?"

काकूनं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलावं का, असा विचार तिच्या मनात आला असावा.

"इथं नाही," ती म्हणाली. "इथं थे कोनाचीच नाही काढे. घरी काढे ना, लय काढे. पन इथं आली का गप. हासे मधातच, एकटीच. काहून हासली म्हनलं तं सांगे नाही."

मला वाईट वाटलं. मग दिवसभर ते वाईट वाटणं बदलत गेलं. आमच्या घरात आईला कोणी ना कोणी सतत हाक मारायचं. मी सगळ्यात जास्त. वर्षातले हे थोडे दिवस कोणी हाक मारत नव्हतं. ही जागा तिची होती, कारण आम्ही इथं नव्हतो. आणि मी तिला धरून ठेवायला नेमका इथंच येऊन बसलो होतो. ती कशाला हसायची, हे मला आता कधीच कळणार नाही. काकूलाही माहीत नाही.

झाडाची फुलं संपत आली तेव्हा मी काकूला म्हणालो, "पुढच्या वर्षीपासून तुम्ही झाडा इथं."

"बापाले विचारलं?"

"सांगतो त्यांना."

"पाह्य बरं. मंग मागशीन तं बरं दिसनार नाही."

"नाही मागणार."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि वाळलेली फुलं पोत्यात भरायला माझ्यासोबत बसली.

संध्याकाळी घरी आलो. बाबांनी भाकरी टाकल्या होत्या, जाड, कडेला करपलेल्या. मी त्यांना सांगितलं. ते चुलीतलं लाकूड मागे ओढत राहिले.

"मी जाओ तिले बलवाले," ते म्हणाले. "झाडाच्या आडून पाहो. थे इतकी निवांत बसेल राहे का हाक माराचं मनच होये नाही. तसाच वापस येओ."

मग त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. आम्ही जेवायला बसलो, पण दोघांच्याही ताटात भाकरी उरली.