नैवेद्याचं दूध

व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं आजोबांना रागावलात, तेव्हा तुमची ही आजी शेजारीच बसली होती आणि गप्प राहिली. म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

तुम्ही परदेशी गेलात आणि तुमचा कुत्रा आमच्याकडे बुलढाण्याला राहिला. पावसाळा सरता सरता त्याचे कान लाल झाले, पंजे चाटून चाटून त्याने कातडी सोलवटून घेतली. गोळ्या चालू असेपर्यंत बरं वाटे, संपल्या की पुन्हा तेच. शेवटी जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "काकू, याला खाण्यातलं काहीतरी बाधतंय. आजवर कधीच न खाल्लेलं असं एकच काही द्या आणि दोन महिने तेवढंच द्या. दुसरा कणही तोंडात जाऊ देऊ नका. खाज थांबली की जुनं एकेक देऊन बघू."

दूध-पोळी, वरण-भात, दुकानातले चिकनचे दाणे, सगळं त्याचं खाऊन झालेलं. मटण तेवढं राहिलं होतं. आपल्या घरात आजवर अंडंही शिजलं नव्हतं. तरी मी मागच्या अंगणात वेगळी शेगडी मांडली, नाकाला पदर लावला आणि बिनमिठाचं मटण शिजवून, डॉक्टरांनी चालेल म्हटलेल्या तेवढ्या भातात कालवलं. भांडी वेगळी, घासणी वेगळी. कामाच्या बाईंना ताकीद दिली, पोळीचा तुकडासुद्धा टाकायचा नाही.

तरी कान लालच. मग माझा संशय आजोबांवर गेला. संध्याकाळी ते व्हरांड्यात चहा-बिस्किटं घेतात आणि कुत्रा त्यांच्या पायाशी बसतो.

"तुम्हीच देता त्याला."

"मी कायले देऊ? मले समजत नाही का?"

"मग कान कशाने लाल होतात?"

"त्याले इचार. नाहीतर माह्या खिशाची झडती घे."

मी बिस्किटांचा डबाच कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. तुम्हालाही तेच सांगितलं. धाकटी रडत म्हणाली, "आजोबा, तुमच्यामुळे त्याला त्रास होतो." ते "बरं बेटा" म्हणाले आणि उठून आत गेले. त्यानंतर कुत्रा जवळ आला की दोन्ही तळहात उघडून मला दाखवायचे, "पाह्य वो, काहीच नाही." आधी हे चेष्टेत होतं. पुढे शब्द गळाले, हात तेवढे वर जायचे.

अशात चिखलीचे त्यांचे चुलतभाऊ गेले. सुतक लागलं. देव्हाऱ्याला हात लावायचा नाही, पूजा नाही, नैवेद्य नाही. आजोबा व्हरांड्यात नुसते बसून असायचे. एकदा कुत्र्याने त्यांच्या पावलावर मान टाकली, तर त्या दुःखातही त्यांचे हात वर गेले. मी ते दारातून पाहिलं.

सुतकातच कानांची लाली ओसरली. पंजांवर कोवळे केस दिसू लागले. मला वाटलं, दुःखात यांना चोरून काही द्यायची आठवण राहिली नसेल. लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा हेच वाटलं.

सुतक फिटलं, घर धुतलं, पूजा सुरू झाली. मी देवाला वाटीभर दूध-साखरेचा नैवेद्य दाखवला. देवघराच्या उंबऱ्याबाहेर कुत्रा बसलेला होताच. ती सवय तुमची. "सगळ्यांना प्रसाद, मग त्याला का नाही?" असं थोरल्याने विचारलं होतं, तेव्हापासून वाटीतलं उरलेलं दूध मी रोज त्याच्या भांड्यात ओतत आले. आठवडा झाला नाही तोच कान पुन्हा तापले. डबा कुलपात, किल्ली माझ्या कमरेला. आणि एका सकाळी वाटी कलती करता करता माझा हात थांबला.

डॉक्टरांनी विचारलं होतं, गोळी कशात देता, त्याचे दात घासायला काय वापरता. मी सगळं सांगितलं होतं. प्रसाद सांगितला नाही, कारण प्रसाद म्हणजे खाणं असं माझ्या मनातच आलं नाही.

फोनवर डॉक्टर हसले. "काकू, बंद करून पाहिलंत, पुन्हा देऊन पाहिलंत. जे मी करायला सांगणार होतो, ते सुतकाने करून दिलं. दूध बंद करा."

मी डबा घेऊन व्हरांड्यात गेले आणि आजोबांपुढे ठेवला. झालं ते सांगितलं.

"म्हणजे चोर देवघरात होता म्हण की," ते म्हणाले.

"हो. मीच."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. डब्याचं झाकण मात्र त्यांनी उघडलं नाही.

कान आता बरे आहेत. उंबऱ्यापाशी त्याला साध्या भाताची चार शितं मिळतात आणि तो तेवढ्यावर खूश असतो. पण संध्याकाळी तो पायाशी येऊन बसला की आजोबांचे दोन्ही हात अजून आपोआप वर जातात, आणि मी समोर असले तर मला खाली बघावं लागतं. या वेळी फोन कराल तेव्हा मला आधी मागू नका. आजोबांना बोलवा.