गुडघ्याचा वारसा

टिपणीस गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरमधल्या पाया लेबारला ऑफिसच्या खाली जेवणाच्या रांगेत उभी होते. नीलिमावहिनींचा आवाज अगदी कोरडा होता. "शुभा, हे गेले. सकाळी. तू नोव्हेनाच्या हॉस्पिटलात ये, आणि येता येता मांडाईच्या स्मशानभूमीत फोन करून वेळ विचार." एवढंच. मी रांगेतून बाहेर पडले, आणि टॅक्सी मिळेपर्यंत आमच्या कराटेच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आलासुद्धा... पांढरा गणवेश, काळा पट्टा, खाली इंग्रजीत 'आमच्या परंपरेचा आधारस्तंभ'. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची ही लांब रांग. याच लोकांनी या माणसाला शेवटची काही वर्षं एकाही मुलाला शिकवू दिलं नव्हतं, आणि श्वास थांबून अर्धा दिवसही उलटला नव्हता तर तो आधारस्तंभ झाला होता. टॅक्सीत मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. आज दीड महिना होऊन गेला, तो काही उतरलेला नाही. गोड आठवणी ज्यांना हव्या असतील त्यांच्यासाठी त्या ग्रुपवर भरपूर आहेत. मला जे माहीत आहे ते मी इथे सांगते.

दिलीप टिपणीस मूळचे पुण्याचे, इथे एका बँकेच्या संगणक विभागात मॅनेजर. चोआ चू कांगला फ्लॅट, एक मुलगा, तो आता मेलबर्नला. आपल्या मराठी मंडळींत त्यांची ओळख 'कराटेवाले टिपणीस' अशी. गणपतीत कुणी ना कुणी हटकून म्हणायचं, "अहो, एखादी वीट तरी फोडून दाखवा." ते हसून म्हणायचे, "विटेने माझं काय वाकडं केलंय?" आणि मोदक खाऊ लागायचे. माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या मुलीमुळे. तिला मी दोजोत, म्हणजे ते जात त्या कराटेच्या तालमीत घातलं होतं आणि स्वतः बाकावर बसून फोनवर ऑफिसचं काम उरकत असे. एक दिवस टिपणीस समोर येऊन उभे. "बसून पाठ दुखते ना? उद्यापासून उभ्या राहा." मुलीने वर्षभरात कराटे सोडून नेटबॉल धरला. मी चाळिशीतली, ऑडिटमध्ये आयुष्य घालवलेली बाई, तिथेच राहिले. दोजोतल्या चिनी मंडळींनी त्यांच्या आडनावाचं 'टिप' करून टाकलं होतं. टिप-सेम्पाई. सेम्पाई म्हणजे आपल्या आधी आलेला, ज्याचं बघून आपण शिकायचं.

शिकवायचे ते म्हातारे सेन्सेई, म्हणजे गुरू. जपानमधल्या ओकिनावा बेटाचे. जहाजांच्या कुठल्याशा कंपनीच्या कामासाठी सिंगापूरला आले आणि इथेच राहिले. भिंतीवर त्यांच्या गुरूंचा फोटो, त्याच्या वर गुरूंच्या गुरूंचा. त्यापलीकडे फोटोच नव्हते, नुसती नावं सांगायचे. सिनेमात दिसतं तसलं तिथे काही नव्हतं. पहिले काही महिने मी फक्त उभी राहून श्वास घ्यायला शिकले, आणि मातीचे बुटके रांजण पाचही बोटांनी काठाला धरून दालनभर चालायला. मग काता. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली, गुरूने केल्या तशाच, आपल्या पदरचं काही न घालता. तिथली रीत अशी की प्रश्न विचारायचा नाही. बघायचं आणि करायचं. चुकलं तर सेन्सेई येऊन काठीने पाय सरकवत. ते कुणाला चित्रीकरण करू देत नसत. त्यांच्या गुरूंचा नाहा शहरातला दोजो कधीच बंद पडला होता, तिथले बाकीचे शिष्य मरून गेले होते. त्या घराण्याचा काता जगात उरला होता तो फक्त आमच्या या म्हाताऱ्याच्या अंगात.

आणि तो म्हातारा एक दिवस भाजी घ्यायला गेला आणि बाजाराच्या ओल्या पायऱ्यांवरून पडला. डाव्या गुडघ्याची पार वाट लागली. शस्त्रक्रिया झाली, महिन्यांनी ते परत दोजोत उभे राहिले, पण त्या कात्यात शेवटाकडे एक वळण आहे... डावा पाय जागेवर रोवून, कमरेतून एका झटक्यात पूर्ण मागे वळायचं. ते त्यांना जमेना. मग ते आधी डावा पाय अर्धं पाऊल बाहेर टाकत, त्यावर सावरत आणि मग वळत. मी दोजोत आले ती यानंतर, त्यामुळे मीही तेच शिकले. टिपणिसांनी मात्र आधीची कित्येक वर्षं बघितली होती. त्यांनी रीत मोडून एकदाच विचारलं, सगळे गेल्यावर, चहाचे कप विसळताना. सेन्सेईंनी गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "हा गुडघा आहे. काता नाही." टिपणीस म्हणाले, "मग नव्या मुलांना सांगू का?" सेन्सेई हसले म्हणे. "ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल." गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. सगळ्यांसमोर एक वाक्य बोलायला त्या माणसाचं काय जात होतं? पण 'माझं अंग आता चालत नाही' हे शिष्यांपुढे म्हणणं त्यांना जमलं नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

सेन्सेई गेले तेव्हा दोजो त्यांच्या एका शिष्याकडे, डेस्मंडकडे आला. डेस्मंड वाईट माणूस नाही, हे मला नाइलाजाने लिहावं लागतंय. म्हाताऱ्याची शेवटची वर्षं त्याने काढली. डॉक्टरकडे नेणं, आंघोळ घालणं, पोटच्या मुलाने करावं तसं सगळं. पण तोही आला होता गुडघ्यानंतरच. त्याने सेन्सेईंना जसं पाहिलं तसं जपलं, मान कलती ठेवायच्या सवयीसकट. निष्ठेत तो कुठे कमी पडला नाही, तीच तर पंचाईत होती. त्याने दोजोच्या तीन शाखा काढल्या, मुलं वाढली, परीक्षा सुरू झाल्या, आणि परीक्षा आल्या की 'हे असं का' हे सांगावं लागतं. त्या अर्ध्या पावलाला मग अर्थ मिळाला. शत्रूच्या पायाच्या चवड्यावर पाय देऊन त्याला जखडायचं आणि मग वळायचं... 'गुप्त पाऊल'. डेस्मंड ते वर्गात करून दाखवायचा, मुलं डोळे विस्फारून बघायची. टिपणीस मागच्या रांगेत उभे असत. एकदा मी हळूच त्यांच्याकडे बघितलं तर ते जमिनीकडे बघत होते.

ते भांडले नाहीत. नुसतं आपल्यासमोरच्या मुलांना खरं वळण दाखवत राहिले. आणि मग जे इथेच होऊ शकतं ते झालं. परीक्षेत एका मुलाने टिपणिसांचं वळण घेतलं, त्याचे मार्क गेले, पट्टा हुकला, आणि त्याच्या आईने पालकांच्या ग्रुपवर तक्रार केली की एक अंकल मुलांचा गोंधळ करतात. डेस्मंडने टिपणिसांना बाजूला घेतलं. मी पट्टा सोडत तिथेच होते. तो आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाला, "सेम्पाई, मी तुमचा आदर करतो. तुम्ही ट्रेनिंगला या, नेहमी या. फक्त शिकवू नका, कॅन? पेरेंट्स कन्फ्यूज होतात लाह."

"सेन्सेईंनी मला स्वतः सांगितलं होतं," टिपणीस म्हणाले.

"मला त्यांनी असं कधीच सांगितलं नाही," डेस्मंड म्हणाला. आणि हेही खरंच होतं. साक्षीला कोण होतं? आधीच्यांपैकी एक जण पर्थला जाऊन बसला होता, दुसऱ्याला अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेली होती. टिपणिसांनी कमरेतून लवून नमस्कार केला, पट्ट्याची घडी घातली आणि माझ्याबरोबर स्टेशनकडे निघाले. ट्रेनमध्ये म्हणाले, "माझं नाव कुठे लागावं असं मला कधी वाटलं नाही गं. पण ते वळण माझ्यापाशी ठेवायला दिलेलं आहे. माझ्याबरोबर ते जाता कामा नये." या एका गोष्टीसाठी तो माणूस पुढची वर्षं जगला, असं म्हटलं तर मी फार चढवून सांगत नाही.

मग रविवारी सकाळी त्यांच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, ते मला शिकवू लागले. शेजारी म्हाताऱ्या चिनी बायकांचा व्यायाम चालायचा, मधूनच कुणी सायकल ढकलत आमच्यामधून जायचं. त्यांना शिष्य हवे होते, दहा-बारा तरी. त्यांनी मराठी मंडळात विचारलं, ऑफिसात विचारलं. लोक पहिला प्रश्न विचारत की सर्टिफिकेट मिळेल का. मिळणार नव्हतं. तेव्हा त्या सगळ्या परंपरेला वारस म्हणून मिळाले मी, पन्नाशीची, रक्तदाबाची गोळी घेणारी. आणि शिकलेलं पुसणं हे शिकण्याहून अवघड. वर्षानुवर्षं अर्धं पाऊल टाकलेला पाय ऐकेचना. ते चिडायचे नाहीत. "हं, सेन्सेई पडले पुन्हा पायऱ्यांवरून," एवढंच म्हणायचे, आणि मी पहिल्यापासून सुरुवात करायची. शेवटी नोव्हेनाच्या हॉस्पिटलात नळ्या लावलेल्या अवस्थेत त्यांनी मला विचारलं, "जमतंय का?" मी म्हटलं, जमतंय. ते म्हणाले, "बघायला हवं एकदा." ते बघणं काही झालं नाही.

दिवस झाल्यावर डेस्मंडने दोजोत आदरांजलीचा कार्यक्रम ठेवला. वहिनींना स्वतः गाडी पाठवली. टिपणिसांचा फोटो सेन्सेईंच्या फोटोखाली, ऑर्किडची फुलं, वहिनी पुढे खुर्चीवर. डेस्मंड बोलला, चांगलं बोलला, अगदी मनापासून बोलला. मग त्याने जाहीर केलं की टिप-सेम्पाईंचा सर्वांत आवडता काता आपण सगळे मिळून त्यांना अर्पण करू. रांगा लागल्या, लहान मुलांपासून काळ्या पट्ट्यांपर्यंत. मीही उभी राहिले. शेवटचं वळण आलं, मी वळले, आणि माझ्या मागच्या रांगेतल्या एका मुलीच्या तोंडासमोर तोंड आलं. कारण ती अजून पुढेच बघत होती, बाकीचे सगळेही. सगळं दालन एकाच वेळी डाव्या पायाने लंगडलं आणि मग वळलं. त्यांच्या फोटोसमोर. त्यांच्या नावाने. नंतर डेस्मंड माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमाने म्हणाला, "शुभा, वळताना तुझं एक पाऊल राहिलं. इट्स ओके, आज सगळेच हळवे आहोत." गाडीत बसल्यावर वहिनी म्हणाल्या, "का गं, त्या सगळ्यांचे गुडघे दुखतात का?"

वहिनी दोजोत आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा आल्या होत्या. कराटेचा त्यांना मनस्वी राग. लग्नानंतरचे सगळे रविवार त्याने खाल्ले, असं त्या टिपणिसांच्या तोंडावर म्हणत. परवा मी त्यांच्याकडे सामान बांधायला मदत करायला गेले होते. फ्लॅट विकलाय. त्या पोळ्या करत होत्या, मी स्वयंपाकघरात कपाटातली भांडी कागदात गुंडाळत होते. टिपणीस सकाळी चहाला आधण ठेवून याच जागेत, ओटा आणि फ्रिजच्या मधे, ते वळण घ्यायचे, हे वहिनींनीच सांगितलं. इतकी वर्षं, रोज. मला राहवलं नाही. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं, उभी राहिले आणि वळले. वहिनींची पाठ माझ्याकडे होती, लाटणं चालू होतं. मागे न बघता त्या म्हणाल्या, "दोनदा वाजलं."

"काय?"

"पाय. तुझा दोनदा वाजला. यांचा एकदाच वाजायचा. आतल्या खोलीत मला जाग यायची त्याने."

म्हणजे ते अर्धं पाऊल अजून माझ्या पायात कुठेतरी होतंच. मी पुन्हा वळले. "अहं," त्या म्हणाल्या. मी पुन्हा. त्या पोळी तव्यावर टाकून थांबल्या होत्या, मान जराशी कलती करून, शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तशा. किती वेळा ते मी मोजलं नाही. घाम आला, एकदा फ्रिजला कोपर आपटलं. मग एकदा फरशीवर एकच, आखूड आवाज झाला. वहिनींनी लाटणं खाली ठेवलं. "हां. हे यांचं," त्या म्हणाल्या, आणि फोन आला त्या दिवसापासून पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं. तव्यावरची पोळी करपली.

दोजोच्या भिंतीवर आता चार फोटो आहेत, आणि चौथ्याच्या खाली रोज संध्याकाळी मुलं त्या म्हाताऱ्याचा गुडघा गिरवतात. त्यातल्या कुणाचा काही दोष नाही. दुसऱ्या दिवशी मी माझ्या घरी ते वळण केलं तर आवाज एक आला की दोन, ते मला कळेना. करणाऱ्याला ते ऐकू येत नाही. पुढच्या आठवड्यात वहिनी मुलाकडे मेलबर्नला जाताहेत, आणि त्यानंतर मला सांगणारं इथे कुणी नाही.