रत्नीची शीग

आमच्या शेजारच्या सारजावहिनींना चुलीवर दूध ठेवून धरणाच्या पाण्याकडं बघत बसायची खोड. दूध उतू जातं, मांजर तृप्त होतं, आणि वहिनी मलाच विचारतात, "भावजी, वास कसला ओ येतोय?" मी म्हणतो, "तुमच्या ध्यानाचा." मग मला चहा मिळतो, बिनदुधाचा.

बासष्ट सालच्या वैशाखात त्यांच्या लेकीचं, रत्नीचं, परळहून कार्ड आलं. वाचायचा मान माझा. गावातल्या निम्म्या भानगडी मला अशाच कळतात. रत्नीला चौथा महिना. अन्नाचा कण पोटात ठरत नव्हता आणि जीव सगळा आईच्या करवंदांच्या गुळांब्यावर गेलेला. आधी धाडलेली बरणी एस.टी.तच फुटली होती. "मीच करीन म्हणते," तिनं लिहिलं होतं, "पण इथं सगळं किलोवर मिळतं. तुझं मापटंभर म्हणजे वजनात किती, ते लगेच कळव."

मापटं म्हणजे अर्ध्या शेराचं माप. वहिनींचं पितळी, कडेला पोचा आलेलं. मापटंभर करवंदांना अर्धं मापटं गूळ, एवढंच त्यांचं शास्त्र. वजन कधी कुणी केलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी करवंदांची पाटी आणि मापटं घेऊन आम्ही पौडला हैबतराव दुकानदाराकडं गेलो. त्यांच्याकडं नवी किलोची वजनं आली होती. वहिनींनी मापटं भरलं, कडेच्या वर रास चढवून शीग लावली, पारड्यात ओतलं.

"साडेतीनशे ग्रॅम," हैबतराव म्हणाले.

"परत एकदा बघा," मी म्हणालो. वहिनींनी पुन्हा भरलं. चारशे! तिसऱ्यांदा साडेचारशे, आणि चार करवंदं घरंगळत थेट गल्ल्याखाली.

हैबतराव वैतागले. "माप येकच, करवंदं तीच, आन् वजनं तीन? बाई, तुमी मापताय का जादू करताय?"

"वहिनी मनात नवस बोलतायत, शेट," मी म्हणालो.

वहिनींना ऐकूच गेलं नाही. त्या रिकाम्या मापट्यात बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "खालचं माप माजं असायचं, भावजी. वरची शीग रत्नी लावायची, तिच्या वंजळीनं. पयल्या खेपंला ती सात वर्साची डोळ्यांपुढं आली. दुसऱ्या खेपंला परकरातली. आन् आत्ता, लग्नातली, हिरव्या चुड्याची."

मी वाकून गल्ल्याखालची चार करवंदं वेचली. हैबतरावांनी तराजूची दांडी उगाच पुसली.

"शीग न्हाई लावायची," शेवटी तेच म्हणाले. त्यांनी मापटं भरलं, वरून तळहात फिरवून सपाट केलं. बरोब्बर तीनशे. अर्धं मापटं चिरलेला गूळ दोनशे.

"आन् वरचं?" वहिनी म्हणाल्या. "शिगंबिगर त्यो गुळांबा आंबट न्हाई व्हायचा. तिला आंबटच पायजे."

मी तिथंच दुकानात बसून कार्ड लिहिलं: तीनशे ग्रॅम करवंदं, दोनशे गूळ. त्याखाली वहिनींनी सांगितलं तसं: वर तुझी एक वंजळ. हैबतराव म्हणाले, "वंजळीचं वजन?" वहिनी म्हणाल्या, "ते तिलाच ठावं. माज्या ध्यानात तीन हायेत."

परतीच्या एस.टी.त त्या खिडकीशी बसून दोन्ही हात जुळवून बघत होत्या, कधी लहान करून, कधी मोठे. कंडक्टरला वाटलं, बाई प्रसाद मागतेय. मी त्याला तसंच वाटू दिलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. "आई, गुळांबा जमला. भाकरीशी खाल्ला, पोटात राहिला. काल दोन भाकरी झाल्या. पण ओंजळ भरली तेव्हा चमकलेच. माझे हात आता अगदी तुझ्याएवढे झालेत गं."

वहिनींनी ते माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. मग अंगणात उकिडव्या बसल्या, रिकामी ओंजळ उन्हात धरली आणि पाण्याकडं बघत राहिल्या. आत दूध उतू जात होतं.

"वहिनी, वंजळ किती भरली?"

"गप बसा भावजी," त्या म्हणाल्या. "चौथी भरतीया. अजून जल्माला यायचीया, लई बारकी हाय."