गिल्बर्ट हिलसमोरच्या टाळ्या

आमच्या सोसायटीच्या लॉबीत भिंतींना राजस्थानी सँडस्टोन चिकटवतायत. कटरखालच्या धुळीचा वास आला आणि मी थेट सातवीत पोचले. इथेच अंधेरीत, गिल्बर्ट हिलपाशी बाईंनी आमचे तळहात काळ्या, उभ्या दगडी खांबांवर टेकवले होते. "लाव्हा थंड होताना तडकला, त्याचे हे खांब झाले. कोट्यवधी वर्षं उभे आहेत!" तेवढ्यात शेजारच्या खाणीत शिट्टी वाजली. सुरुंग उडाला आणि तसलेच खांब धडाधड कोसळले.

"नॅचरल लुक येतो ना!" सेक्रेटरी म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "अहो, नॅचरल डोंगर खिडकीतून दिसतोय की! उरलाय तेवढा तरी बघा!"

पण त्यांना काय बोलायचं? खांब कोसळले तेव्हा आम्ही पोरींनी टाळ्या वाजवल्या होत्या. बाईंनीसुद्धा.